डायव्हिंग सपोर्ट जहाजाचं आयुष्य: मोजायचं कसं, टिकवायचं कसं

डायव्हरांना खोल समुद्रात उतरवणारं आयएनएस निरीक्षक हे जहाज माझगाव डॉकमध्ये १९८५ साली बांधून झालं. नौदलाने १९८९ मध्ये ते आधी भाडेतत्त्वावर घेतलं आणि १९९५ मध्ये कायमचं विकत घेतलं. लांबी जेमतेम साडेसत्तर मीटर, वर सहा-सहा जणांची दोन चेंबरं, म्हणजे दाबाखाली राहायच्या बंद खोल्या, आणि डायव्हरांना खाली नेणारी तीन माणसांची एक बेल. २०११ मध्ये याच जहाजावरून नौदलाचे डायव्हर २५७ मीटर खोल उतरले. तेव्हा जहाज २६ वर्षांचं होतं. याच्या शेजारी ब्रिटिश नौदलाचं एचएमएस चॅलेंजर ठेवून पाहा. खास याच कामासाठी बांधलेलं, लांबीला जवळजवळ दुप्पट, १९८४ मध्ये सेवेत आलं आणि १९९३ मध्ये विकलंसुद्धा गेलं. शीतयुद्ध संपत आलं, खर्चाला कात्री लागली आणि एवढं महागडं जहाज सांभाळणं परवडेना.

म्हणून या जहाजाचं वय पत्र्यावरून किंवा कमिशनिंगच्या तारखेवरून काढणारा माणूस हमखास फसतो. २६ वर्षांच्या जहाजावरून २५७ मीटर उतरायचं, तर वायर, खिडक्या, नळ्या, सील यांतलं काहीही २६ वर्षांचं असून चालत नाही. जहाज म्हणजे एक तरंगतं जोतं. त्यावर उभ्या असलेल्या डायव्हिंग यंत्रणेचा प्रत्येक भाग आपापल्या वेगाने म्हातारा होतो, आणि जहाज किती वर्षं जगणार हे त्यांतला सगळ्यात आधी थकणारा भाग ठरवतो.

शब्दांचं आधीच सांगून ठेवू. मराठीत माणूस तो पाणबुड्या आणि बोट ती पाणबुडी. घाईच्या कामात यांत गोंधळ होतो, त्यामुळे इथे माणसासाठी ‘डायव्हर’ वापरलं आहे. जहाजावर तोच शब्द चालतो.

दहा दिवसांचा हिशेब

देखभाल एवढी कडक का, हे एका हिशेबात कळतं. सॅच्युरेशन पद्धतीत डायव्हर चेंबरमध्ये कामाच्या खोलीइतक्या दाबाखाली राहतात, बेलमधून खाली जातात, काम करून त्याच दाबात चेंबरमध्ये परत येतात. दाब उतरवायचा तो शेवटी, एकदाच. अमेरिकन नौदलाच्या तक्त्याप्रमाणे २०० फुटांपर्यंत ताशी ६ फूट वर यायचं, तिथून १०० फुटांपर्यंत ताशी ५, पुढे ५० फुटांपर्यंत ताशी ४ आणि शेवटचे ५० फूट ताशी ३ फुटांनी. त्यातही दिवसाचे १६ तासच चढायचं, ८ तास थांबायचं. २५७ मीटर म्हणजे ८४३ फूट. नुसत्या चढणीचे तास होतात १५६. थांबे धरले की २३५, म्हणजे जवळजवळ १० दिवस.

या १० दिवसांत चेंबरचं दार उघडत नाही. कोणाचं अपेंडिक्स दुखो, जनरेटर बंद पडो, वादळ येवो, आतला माणूस आतच राहतो. इतर जहाजांवर ‘बंदराला लागल्यावर बघू’ म्हणता येतं. इथे दाब चढवण्याआधी जे दुरुस्त केलं तेवढंच दुरुस्त, आणि ज्याला जोडीला दुसरं नग नाही ते नसल्यातच जमा. पुढचं सगळं या एका गोष्टीतून येतं.

वयाची वही

जहाज ताब्यात घेतल्यावर पहिलं काम म्हणजे भागवार वही. संगणकावर ठेवा की कागदावर, पण प्रत्येक नगाला त्याचं स्वतःचं पान हवं. बेलच्या मुख्य वायरच्या पानावर कोणत्या कारखान्यातून आली, कोणत्या तारखेला ड्रमवर चढवली, तेव्हाची लांबी, किती वेळा बेल खाली गेली, किती मीटर कापून टाकले आणि कापलेला प्रत्येक तुकडा किती टनांवर तुटला हे असलं पाहिजे. खिडकीच्या पानावर काच बनल्याची तारीख आणि दाब चढवण्याची आवर्तनं. सिलिंडरच्या पानावर पाण्याच्या दाबाखाली झालेली शेवटची चाचणी. थ्रस्टरच्या, म्हणजे जहाज जागेवर धरणाऱ्या पंख्यांच्या पानावर चाललेले तास आणि तेलाच्या नमुन्यात सापडलेला धातू.

व्यापारी कामातून आलेलं जहाज घेताना वही कोरी मिळते किंवा तुटक मिळते. अशा वेळी ज्या भागाचा इतिहास सापडत नाही, तो आयुष्य संपलेला समजून बदलायचा किंवा पुन्हा पूर्ण चाचणीतून काढायचा. यात मोह फार होतो, कारण भाग दिसायला चांगला असतो. चेंबरांच्या पायांखालचे डेकचे जोड तपासायचे. मूनपूल, म्हणजे बेल खाली सोडायला जहाजाच्या पोटात ठेवलेली आरपार विहीर, असेल तर त्याच्या भिंतींची जाडी अल्ट्रासॉनिकने हातभर अंतरावर मोजत जायचं, कारण तिथे पाणी दिवसरात्र आदळतं आणि बाहेरून रंग शाबूत दिसत असतानाही आत पत्रा पातळ झालेला असतो. दाबाच्या कवचातून आरपार जाणाऱ्या प्रत्येक नळीचा नकाशा प्रत्यक्ष नळीशी ताडून पाहायचा. जुन्या मालकाने मध्येच बसवलेली आणि नकाशात न आलेली एक टी-जोडणी पुढे महिनाभर हेलियम गळवत राहते.

बेलची वायर

इथे थोडं थांबू, कारण या जहाजावर सगळ्यात जास्त लक्ष मागणारी वस्तू हीच.

माणसं उचलणारी वायर भाराच्या निदान आठपट ताकदीची लागते. समजा बेल, तिची माणसं आणि सामान धरून ६ टन भार आहे, तर वायर ४८ टनांच्या आत तुटता कामा नये. नेमकी ४८ टनांची वायर घेतली तर पहिल्याच वर्षी ती बाद होते. म्हणून घेतानाच ५५-६० टनांची घ्यायची. हा पैसा वाचवून पुढे दुप्पट खर्च होतो.

वायर सगळीकडे सारखी झिजत नाही. सर्वात आधी थकतं ते बेलकडचं टोक. ते खाऱ्या पाण्यात बुडतं, बाहेर येऊन वाळतं, पुन्हा बुडतं, आणि वायरच्या टोकाला बसवलेल्या सॉकेटच्या तोंडाशी पाणी साचून आतून गंज धरतो. दुसरी जागा मात्र नजरेतून सुटते. बेल एकाच खोलीवर तासन्‌तास टांगलेली असते, लाटेबरोबर जहाज वरखाली होतं आणि हीव्ह कॉम्पेन्सेटर तेवढीच वायर पुलीवरून मागेपुढे करत राहतो. म्हणजे त्याच तीन-चार मीटरांना हजारो वेळा वाक बसतो. पुढची मोहीम पुन्हा त्याच खोलीवर असेल तर पुन्हा तोच तुकडा पुलीवर येतो. दर वर्षी टोक कापण्याचा एक फायदा असा की हा तुकडा पुलीपासून सरकतो. सलग एकाच खोलीवर काम चाललं असेल तर वर्षाची वाट न बघता थोडं कापून जागा बदलावी.

कापण्याची रीत अशी. कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना बारीक तारेने घट्ट वेढे बांधायचे, नाहीतर कापल्याक्षणी वळ सुटतात आणि वायर फुलते. कापलेल्या तुकड्याचं एक टोक खूण करून, लांबी आणि तारीख लिहून चाचणीला पाठवायचं. तिथे तो तुटेपर्यंत ताणतात. जहाजाकडच्या टोकाच्या तारा मोकळ्या करून केरसुणीसारख्या फुलवायच्या आणि त्यांतलं ग्रीस पूर्ण काढायचं. नवीन सॉकेट पुढे निसटतं ते बहुतेक वेळा इथेच राहिलेल्या ग्रीसमुळे. ग्रीस राहिलं की ओतलेलं रेझिन तारेला धरतच नाही. सॉकेट उभं, अगदी सरळ धरून रेझिन ओतायचं. वायर तिरकी राहिली तर भार एका बाजूच्या तारांवर येतो. रेझिन पूर्ण बसल्यावर सुरक्षित भाराच्या दीडपट स्थिर भार देऊन धरायचं आणि नंतर सव्वापट भार घेऊन विंच प्रत्यक्ष चालवून, ब्रेक मारून बघायचे. ब्रेक दोन असतात आणि दोन्ही स्वतंत्रपणे तपासायचे. एकाच वेळी दोन्ही लावून ‘धरतंय’ म्हटलं, तर त्यांतला कोणता धरतोय ते कळत नाही.

रोजचं काम मात्र साधं आहे. बेल वर येताना वायर गोड्या पाण्याने धुवायची आणि ग्रीस दाबाने आत शिरेल असं भरायचं. वरवर ब्रशने फासलेलं ग्रीस मीठ आत कोंडून ठेवतं. व्हर्नियरने व्यास तीन ठिकाणी मोजायचा, तोही बाहेरच्या पदरांच्या उंचवट्यांवर धरून. व्यास अचानक कमी दिसला तर गाभा बसलेला आहे, जाड दिसला तर आत गंज फुगतो आहे. दोन्ही वाईटच.

मुख्य वायर गेली तर बेल वर आणायला दुसरी वाट लागते. ती बहुतेक जहाजांवर क्लंप वेटच्या, म्हणजे बेलखाली टांगलेल्या वजनाच्या, दोन वायरींची असते. त्या वायरी कामाला क्वचित येतात म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. मुख्य वायरची जी तपासणी तीच त्यांची, आणि वर्षातून एकदा खरोखर त्यांच्यावरून बेल वर आणून बघायची.

खिडकी, झाकण, क्लॅम्प

चेंबरच्या आणि बेलच्या खिडक्या ॲक्रिलिकच्या. २० सेंटीमीटर व्यासाच्या खिडकीवर २५७ मीटरच्या दाबाला ८ टनांहून जास्त जोर येतो. एवढा जोर पेलणारी वस्तू पुसण्याच्या फडक्याने मरते, हे नव्या माणसाला पटत नाही. थिनर, ॲसिटोन, स्पिरिट यांचा नुसता वास लागला तरी ॲक्रिलिकमध्ये केसासारख्या बारीक रेषा उमटतात. चेंबरच्या आसपास रंगकाम असेल तर खिडक्या आधी झाकायच्या. पुसायला साधा साबण, गोडं पाणी, सुती फडकं. जवळ वेल्डिंग असेल तर ठिणगीपासून वाचवायचं. रचनेनुसार धरलेलं आयुष्य १० वर्षं किंवा १०,००० आवर्तनं. वर्षं मोजायची ती काच बनल्याच्या तारखेपासून. भांडारात सहा वर्षं पडून राहिलेली ‘नवी’ खिडकी बसवली तर हाताशी उरतात चारच वर्षं.

ओ-रिंग, म्हणजे जोडातलं रबरी कडं, स्वस्त म्हणून तिच्याबद्दल निष्काळजीपणा होतो. प्रत्येक वेळी काढली की बोटाने पूर्ण फिरवून बघायची. चीर, सपाट झालेली बाजू, चिकटलेला वाळूचा कण दिसला तर टाकून द्यायची. ग्रीस ऑक्सिजनला चालणारंच वापरायचं. खोबणीत केस अडकला तरी हेलियम वाट काढतो, कारण त्याचा अणू लहान. हवेवर दाब धरून बसलेला जोड हेलियमवर गळतो. म्हणून गळतीची शेवटची चाचणी हेलियम मिसळलेल्या गॅसवरच घ्यावी.

क्लॅम्पचं वेगळं सांगायला हवं. ५ नोव्हेंबर १९८३ रोजी उत्तर समुद्रात बायफर्ड डॉल्फिन या रिगवर बेल आणि चेंबर यांमधला क्लॅम्प, मधल्या बोळाचा दाब उतरायच्या आणि आतलं दार बंद व्हायच्या आधीच सुटला. नऊ वातावरणांचा दाब क्षणात एकावर आला. चार डायव्हर आणि बाहेरचा एक मदतनीस गेले. तेव्हा त्या क्लॅम्पला दाब असताना उघडण्यापासून रोखणारा अडसर नव्हता. आज तो असतो, पण असणं पुरेसं नाही. दर मोहिमेआधी मधल्या बोळात थोडा दाब भरून क्लॅम्प उघडण्याचा आदेश द्यायचा, आणि तो उघडत नाही हे डोळ्यांनी बघायचं.

६० सेंटीमीटर व्यासाच्या दारावर २५७ मीटरला सुमारे ७४ टन जोर असतो, हे सगळ्यांना कळतं. गेज शून्याजवळ आलं की मात्र हात सैल पडतात. एक दशांश बार दाब उरला असेल तरी त्याच दारावर २८० किलोंहून जास्त जोर असतो. मोठ्या आकड्यांच्या गेजवर एवढा दाब काट्याच्या जाडीत लपतो. म्हणून बोळाला कमी दाबाचं वेगळं गेज हवं, आणि समदाब झाल्याची खात्री करायला उघडा ठेवलेला लहान व्हॉल्व्ह हवा. त्यातून फुस्स आवाज यायचा थांबल्याशिवाय कोणी क्लॅम्पला हात लावू नये.

गॅस: किती घ्यायचा, कुठे जातो

इथे हिशेब चुकतो तो साठा मोजण्यात. समजा चेंबरांची मिळून जागा २० घनमीटर. २५७ मीटरपर्यंत दाब चढवायला २० गुणिले २५.७, म्हणजे ५१४ घनमीटर गॅस. ५० लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला १० घनमीटर धरले की ५२ सिलिंडर पुरतील असं वाटतं. पुरत नाहीत. एक तर हेलियम त्या दाबाला आदर्श वायूसारखा वागत नाही, प्रत्यक्षात सव्वानऊ घनमीटरच्या आसपास मावतो. दुसरं म्हणजे चेंबरमध्येच २५.७ बार आहे, त्यामुळे सिलिंडर ३५ बारपर्यंत उतरला की त्यातला गॅस आत ढकलला जात नाही. हाताशी उरतात साडेसात घनमीटर. म्हणजे लागतात सुमारे ७० सिलिंडर, आणि एवढाच साठा चेंबरचा दाब पुन्हा पूर्ण चढवावा लागला तर म्हणून राखीव.

त्यानंतरची गळती बारीकसारीक जागांतून होते. जेवण आणि औषधं आत पाठवायचा लहान लॉक ५० लिटरचा असला, तर प्रत्येक वेळी तो उघडताना पावणेतेराशे लिटरांहून जास्त गॅस बाहेर जातो. दिवसाला २० फेऱ्या झाल्या की २५ घनमीटर गेले. चहा, पेपर, चमचा असं वेगवेगळं पाठवण्यापेक्षा वेळा ठरवून एकत्र पाठवलं की महिन्याला क्वाडच्या क्वाड, म्हणजे एकत्र बांधलेल्या सिलिंडरांचे संच, वाचतात.

ऑक्सिजन त्या मानाने थोडा लागतो. माणशी मिनिटाला सरासरी अर्धा लिटर, म्हणजे सहा जणांना दिवसाला सव्वाचार घनमीटर. कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडालाइम माणशी दिवसाला ५-६ किलो धरावा. सहा जण, १० दिवस, म्हणजे साडेतीनशे किलो. तोही हवाबंद डब्यांत, कोरड्या जागी. ओलावा कमी-जास्त झाला की तो काम सोडतो.

ऑक्सिजनची टक्केवारी वाचू नका, आंशिक दाब वाचा. चेंबरमध्ये तो ०.४ बारच्या आसपास ठेवतात. २५७ मीटरवर हे प्रमाण अवघं दीड टक्का होतं. विश्लेषकाचा काटा दोन दशांश टक्क्यांनी चुकला तरी आत ०.०५ बारचा फरक पडतो. म्हणून दोन स्वतंत्र विश्लेषक, आणि दर पाळीला ज्ञात गॅसवर त्यांची जुळणी. वर येताना उलटं होतं. दाब कमी होतो तशी टक्केवारी वाढते, आणि २३ टक्क्यांच्या वर गेली की गादी, टॉवेल, केस सगळंच पेटायला टपलेलं असतं. शेवटच्या १५ मीटरांत ऑक्सिजनवर हात राखून ठेवायचा तो यासाठी.

निव्वळ हेलियम जहाजावर ठेवूच नये, त्यात किमान २ टक्के ऑक्सिजन मिसळलेला घ्यावा. चुकून तोच डायव्हरच्या नळीला लागला तर शुद्ध हेलियमने माणूस काही सांगायच्या आत बेशुद्ध पडतो. प्रत्येक क्वाड जहाजावर चढताना एकदा तपासायचा आणि पॅनेलला जोडताना पुन्हा. चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा नाही. उच्च दाबाच्या ऑक्सिजन वाहिनीवर चटकन उघडणारे बॉल व्हॉल्व्ह बसवायचे नाहीत. एका झटक्यात दाब आला की पुढचा गॅस दबून तापतो आणि तिथे तेलाचा थेंब असला तर नळीच पेटते. हळू उघडणारे सुईचे व्हॉल्व्ह, आणि नळ्या ऑक्सिजनसाठी म्हणून धुतलेल्या.

आतली माणसं

हेलियम हवेच्या सहापट वेगाने उष्णता ओढून नेतो. त्यामुळे चेंबर ३० अंशांच्या आसपास ठेवावं लागतं आणि एका अंशाचा फरकही आतल्याला जाणवतो. पाण्यात तर गरम पाण्याचा सूट आणि १५० मीटरच्या खाली श्वासाचा गॅससुद्धा गरम करून द्यावा लागतो. हीटर दोन, पंप दोन, आणि वीज वेगवेगळ्या बोर्डांवरून. दोन्ही हीटर एकाच बोर्डावर जोडलेले असणं हा दोष दुरुस्तीनंतर पुन्हापुन्हा निघतो.

ओलसर, उबदार चेंबरमध्ये सुडोमोनास नावाचा जिवाणू वाढतो आणि कान असे पिकतात की डायव्हर निरुपयोगी होतो. गादीच्या खोळी रोज, भिंती आणि शॉवर ठरावीक दिवसांनी जंतुनाशकाने, पाण्याच्या टाकीचे नमुने प्रयोगशाळेत, आणि कानात थेंब वेळच्या वेळी. शौचालयाला दोन व्हॉल्व्ह असतात, एक आत आणि एक बाहेर. बाहेरचा उघडण्याआधी आतल्या माणसाने उठल्याचं कळवलंच पाहिजे, आणि भांड्याचं झाकण बसल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडणार नाही असा अडसरही चालू हवा.

जागेवर उभं राहणं

नांगर न टाकता थ्रस्टरच्या जोरावर जागा धरणं, म्हणजे डीपी. याचं तत्त्व सरळ आहे: कोणताही एक भाग बंद पडला तरी जागा सुटता कामा नये. जागा सांगणारी साधनं तीन, आणि तीन वेगळ्या तत्त्वांवरची. दोन उपग्रहावरची असली तर ती एकाच वेळी आंधळी होतात. एक उपग्रहावरचं, एक पाण्यातल्या ध्वनीवरचं आणि एक ताणलेल्या वायरचं हे जमतं. बेल सोडण्याआधी जहाज जागेवर ३० मिनिटं स्थिर होऊ द्यायचं.

२०१२ मध्ये उत्तर समुद्रात एका डायव्हिंग जहाजाची डीपी यंत्रणा कोलमडली, जहाज वाहत गेलं आणि ९० मीटरच्या आसपास असलेल्या डायव्हरची अंबिलिकल, म्हणजे बेलमधून त्याला गॅस पुरवणारी नाळच, तुटली. तो अर्ध्या तासाहून जास्त वेळ गॅसविना पडून होता आणि नशिबाने वाचला. यंत्रणेचा एक-एक भाग मुद्दाम बंद पाडून बघायची वार्षिक चाचणी याचसाठी असते. ती पाण्यात माणूस नसताना घ्यायची आणि अर्धी सोडायची नाही.

अंबिलिकलची लांबी मोजून बांधायची: जवळच्या थ्रस्टरपर्यंतच्या अंतराहून किमान ५ मीटर कमी. बेलमध्ये थांबलेल्या डायव्हरची २ मीटर जास्त, म्हणजे तो पहिल्याजवळ पोचेल. थ्रस्टर बदलले, बेलची जागा हलवली, तर हा तक्ता नव्याने करायचा. जुना तक्ता पॅनेलवर चिकटलेला राहणं धोक्याचं.

जहाज सोडायची वेळ

२७ जुलै २००५ रोजी मुंबईच्या समुद्रात ओएनजीसीचं ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज बॉम्बे हायच्या उत्तरेकडच्या प्लॅटफॉर्मला धडकलं. आगीत प्लॅटफॉर्म गेला, २२ जणांचा जीव गेला. जहाजही पेटलं. बाकीचे ते सोडून गेले तेव्हा सहा डायव्हर दाबाखाली चेंबरमध्येच होते. त्यांची सुटका व्हायला ३६ तास गेले. मराठी मुलखाच्या किनाऱ्यासमोर घडलेली ही गोष्ट या धंद्यातल्या प्रत्येकाने डोक्यात ठेवावी.

यावरचा इलाज म्हणजे दाबाखालची जीवरक्षक नौका. डायव्हर दाबातच तिच्यात सरकतात आणि नौका सुटते. तिच्यात ७२ तास पुरेल इतका गॅस, पाणी, सोडालाइम लागतो. तपासताना इंजीन नुसतं चालू करून बंद करू नका, थंड पाण्याच्या फेऱ्यासकट अर्धा तास चालवा. आतलं तापमान सांभाळणारी यंत्रणा मुंबईच्या मे महिन्यात चालवून बघा, कारण बंद कवचात उन्हात तापणं हाच इथला मोठा धोका. आणि नौका कोणत्या बंदरावर, कोणत्या क्रेनखाली, कोणत्या चेंबरला जोडायची ते मोहिमेआधी कागदावर ठरलेलं असावं. क्लॅम्पची मापं जुळत नाहीत हे किनाऱ्यावर पोचल्यावर कळून उपयोग नाही.

गोदीतले दिवस

पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर समुद्र काम करू देत नाही. तेलक्षेत्रातला डायव्हिंगचा हंगामही ऑक्टोबर ते मेच. मोठी दुरुस्ती पावसाळ्यात बसवली की वर्ष वाया जात नाही. गोदीत तळ खरवडणं, झिंकच्या प्लेटा बदलणं, समुद्राच्या व्हॉल्व्हांची उघडझाप हे कोणत्याही जहाजासारखंच. पत्रा मूळ जाडीच्या पाव भागाच्या आसपास झिजला की बदलायला काढायचा. पावसाळी हवेत रंग ओल्या पत्र्यावर बसत नाही, तेवढं जपावं. उरलेला वेळ चेंबरांना द्यावा: आतला रंग काढून जोडांची चुंबकीय तपासणी, पाण्याच्या दाबाची चाचणी, गाद्यांखाली आणि फळ्यांखाली साचलेल्या ओलीचे खड्डे. गंज सर्वात जास्त तिथेच सापडतो, कारण तिकडे कोणी पाहत नाही.

निरोप

आपल्या नौदलाचं याच कामाचं आधीचं जहाज, पहिली निस्तार, सोव्हिएत संघाकडून आली, १९७१ मध्ये सेवेत दाखल झाली आणि १९८९ मध्ये निवृत्त झाली. त्याच वर्षी निरीक्षक आलं. नवी निस्तार विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डमध्ये बांधली गेली आणि १८ जुलै २०२५ ला नौदलात आली. सुमारे १०,००० टनांची, ३०० मीटरपर्यंत सॅच्युरेशन डायव्हिंग करणारी, खोल पाण्यातल्या पाणबुडी-बचाव यानाची मातृनौका होऊ शकणारी.

जुनं जहाज कधी थांबवायचं याचा निर्णय वहीतून निघतो. एका मोठ्या दुरुस्तीत बदलायच्या भागांची यादी पुढच्या पाच वर्षांच्या कामापेक्षा महाग झाली, चेंबरच्या कवचाच्या जोडांत भेगा परतपरत निघू लागल्या, किंवा पॅनेलचे सुटे भाग बनवणारंच कोणी उरलं नाही, तर थांबावं. खोली कमी करून, म्हणजे दाबाची कमाल मर्यादा खाली आणून काही वर्षं चालवता येतं. पण ती मर्यादा गेजवर लाल रेषेने, पॅनेलच्या पाटीवर आणि प्रमाणपत्रात, तिन्ही ठिकाणी एकाच दिवशी बदलायची.

जहाज उतरवताना हेलियम परत भरून घ्या, तो महाग आहे. वही नव्या जहाजावर पाठवा, कारण कोणत्या पुलीवर वायर कशी झिजली हे तिथल्या लोकांना लागणार आहे. बाद वायर तुकडे करूनच भंगारात घालायची, अखंड दिली तर ती कुठेतरी क्रेनवर चढते. आणि आयुष्य संपलेल्या प्रत्येक खिडकीला मधोमध ड्रिलने भोक पाडायचं, म्हणजे ती चुकूनही दुसऱ्या कुठल्या चेंबरवर बसणार नाही.